सहा पूर्णांक तीन ग्रॅम

मला गाढ झोपेतून उठवून विचारा, "मामा, ऑक्झॅलिक ॲसिड किती?" मी डोळे न उघडता सांगीन, लिटरला सहा पूर्णांक तीन ग्रॅम. लग्नाचा वाढदिवस मी आजवर चारदा विसरलोय आणि चारही वेळा त्याची शिक्षा भोगलीय, पण हा आकडा कधी विसरलो नाही. आणि ह्याच आकड्यानं, रिटायर व्हायला तीन महिने उरलेले असताना, भर परीक्षेत माझं नाक कापलं. चूक माझी होती. ती पकडली बारावीतल्या एका मुलीनं. तेवढं एकदा नीट सांगून टाकावं म्हणून हा कागद घेऊन बसलोय.

मी लॅब असिस्टंट. ज्युनियर कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जन्म गेला. पहिली अकरा वर्षं शिरूरला, नंतरची सगळी दौंड तालुक्यात, सोलापूर हायवेला लागून असलेल्या एका कॉलेजात. घर कासुर्डीला, त्यामुळं डबा गरम असतानाच पोचायचो. पोरं आम्हाला मामा म्हणतात. घंटा देणारा शिपाईही मामा आणि आम्हीही मामा, फरक पगारपत्रकात. लोकांना वाटतं ह्यांचं काम म्हणजे काचेच्या नळ्या धुणं. धुतो ना. पण खरं काम वेगळं. खरं काम म्हणजे सोल्युशन बनवणं.

सोल्युशन म्हणजे काय, तर पाण्यात काहीतरी विरघळवलेलं. तुमचा चहा हे सोल्युशनच. पण घरात "जरा गोड झालाय" म्हटलं की भागतं, लॅबमध्ये भागत नाही. किती पाण्यात किती माल, हे तिथं आकड्यात सांगावं लागतं. त्याला कॉन्सन्ट्रेशन म्हणतात, मराठी पुस्तकात संहती. पोरांचा प्रयोग असा असतो: एका बाटलीतल्या सोल्युशनची ताकद माहीत असते, दुसरीची माहीत नसते. माहीत असलेलं मोजून चंबूत घ्यायचं, माहीत नसलेलं वरच्या उभ्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, थेंब थेंब सोडायचं. रंग पालटला की थांबायचं, किती मिली गेलं ते वाचायचं आणि गणित करायचं. ह्याला टायट्रेशन म्हणतात. आता त्या माहीत असलेल्या बाटलीची ताकद कुणाच्या भरवशावर माहीत असते? माझ्या. मी तोलून, विरघळवून, बाटलीवर चिठ्ठी लावली की ते ब्रह्मवाक्य. सर तपासत नव्हते, परीक्षक तपासत नव्हते. त्याचा मला केवढा तोरा होता, काय सांगू!

तो तोरा कसा होता ह्याचा एक नमुना देतो. शिरूरला असताना घोड नदीकाठचे, इनामगावचे एक आबा लॅबमध्ये आले. दोन मैल लांबून दिसावं असं पागोटं आणि हातात तणनाशकाची रिकामी बाटली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की कॉलेजात औषधं तपासतात. आबांचा कांदा तणासकट जळाला होता आणि त्यांचं म्हणणं, औषध डुप्लिकेट.

"आबा, किती टाकलं होतं?"

"पंपाला एक टोपण. दरसाली एकच टाकतुया."

"दरसालचं टोपण हेच का?"

"आता टोपण म्हंजी टोपण. त्यात काय!"

मी ते टोपण घेतलं, पाणी भरलं, मापनळीत ओतलं. मग त्यांना घरून जुन्या बाटलीचं टोपण आणायला लावलं, तेही ओतलं. नवं टोपण जुन्याच्या दुपटीला दोन थेंब कमी. कंपनीनं बाटली मोठी केली, टोपण मोठं झालं, आबा आपले एक टोपण टाकून मोकळे. बाटलीवर मिलीमध्ये सगळं छापलेलं होतं. मी आबांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, "बाटली बदलली तर वाचायला नको? हात करतो ते डोळ्यांनी बघायला नको?" आबा बिचारे मान डोलवत गेले. मी आठवडाभर स्टाफरूममध्ये ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगत होतो. ती आज सांगताना माझेच कान गरम होतात, का ते पुढं कळेल.

आता आमच्या धंद्यातली एक वाईट खोड कबूल करतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला तीस मार्क. आमच्या भागातली पोरं थिअरीत मार खातात, हे तीस त्यांना वर काढतात. म्हणून सगळीकडं, नाव कुणाचं घ्यायचं नाही, पोरांना रीडिंग सांगायची पद्धत. कुठं सर सांगतात, कुठं फळ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. आमच्याकडं मी सांगायचो, पण तोंडानं नाही. माझं सोल्युशन दरवर्षी असं चोख की रीडिंग बरोबर दहा मिली यायचं. मी टेबलांवरून फिरायचो आणि प्रत्येक टेबलावर दोन्ही पंजे क्षणभर पसरून ठेवायचो, जसं काही टेबल हलतंय का बघतोय. दहा बोटं, दहा मिली. पोरं समजून जायची. बाहेरून आलेले परीक्षक तेवढ्यात खिडकीतून उसाकडं बघायचे. मग कुणी दहा लिहायचं, कुणी दहा पूर्णांक एक, म्हणजे सगळ्यांचं सारखं दिसायला नको.

ह्यात वाईट वाटायचं का? खरं सांगायचं तर नाही. उलट वाटायचं, बघा, माझं सोल्युशन इतकं पक्कं की पोरांना प्रयोग करायचीसुद्धा गरज नाही. त्यावेळी ह्या वाक्यातला वेडेपणा मला दिसला नव्हता.

आता कोमल. भांडगावची, धनगराची पोर. आजा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचा. बाप एका गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचा. चुलवाण म्हणजे गुळाच्या कढईखालची जमिनीतली मोठी भट्टी. तिला उसाची चिपाडं घालत राहायची, दिवसभर. बाकी सगळे कामगार उत्तरेतले, त्यामुळं आप्पांचं, म्हणजे तिच्या वडलांचं, निम्मं बोलणं हिंदीत गेलेलं. कोमल अंगानं काटकुळी, बोलणं कमी आणि एकदा बोलली की मागं हटत नाही. तिला लॅब टेक्निशियनचा कोर्स करायचा होता, रक्त-लघवी तपासायचा. सरकारी सीट हवी तर मार्क हवेत. घरात सायन्सला गेलेली ती पहिलीच. आप्पांनी एकदाच मला सांगितलं होतं, "मामा, पोरीचं मार्क तेवढं बगा." ते मी मनावर घेतलं होतं.

तिची ओळख पटली ती ज्वलनाच्या तासाला. आमची लॅब आणि वर्ग एकच, मी मागच्या स्टोअरमध्ये बाटल्या पुसत ऐकायचो. जगदाळे सर ज्वलनाची गणितं शिकवत होते. काही जळतं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जातं. बारा किलो कोळशाला बत्तीस किलो ऑक्सिजन लागतो, चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड होतो. बारा आणि बत्तीस चव्वेचाळीस, वजन कुठं जात नाही, फक्त धूर होऊन आपल्याला दिसेनासं होतं. सर शिकवायचे छान. पोरांना जवळचं वाटावं म्हणून त्यांनी गुऱ्हाळाचं गणित घातलं. चिपाड म्हणजे सगळा सेल्युलोज धरा. एकशे बासष्ट किलो चिपाड पूर्ण जाळायला ऑक्सिजन किती?

पोरांनी खाली माना घातल्या. उत्तर एकशे ब्याण्णव किलो. कोमलनं हात वर केला.

"सर, चिपाड वलं का वाळल्यालं?"

वर्ग फिस्सकन हसला. सर म्हणाले, "अगं, गणितात चिपाड असतं. ओलं काय न् वाळलं काय!"

"तसं न्हाई सर. वलं आसंल तर एकशे बासष्ट किलोत निम्मं पाणीच की. पाणी कुठं जळतंय? तवा आक्सिजन बी निम्माच लागंल. आन् वरनं ते पाणी वाळवायला जाळ जातुया तो निराळाच. आमचं आप्पा भैयास्नी वरडत आसत्यात, सूखा डालो, गीला नहीं, गीला डालोगे तो पानी जलाओगे."

पुन्हा हसले सगळे. सर जरा चिडले. म्हणाले, "बोर्डाच्या परीक्षेत चिपाड कायम कोरडंच असतं, बस खाली." ती बसली. पण वहीत तिनं दोन उत्तरं लिहिली होती. तास सुटल्यावर मी मुद्दाम बघितली. एकावर लिहिलं होतं 'वाळलेलं', दुसऱ्यावर 'ओलं, निम्मं पाणी धरून'. दोन्ही बरोबर. मला हसू आलं. म्हटलं, ही पोरगी परीक्षकाला छळणार. कुणाला छळणार ते मला कुठं ठाऊक होतं!

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी सोल्युशन करायला घेतलं. ऑक्झॅलिकची जुनी बाटली तळाला गेली होती. नवीन खोका आलेला होता, त्यातली बाटली फोडली. जुना माल खडीसाखरेसारखा खड्याखड्यांचा, हा बारीक पिठासारखा. मला वाटलं, बरं झालं, लवकर विरघळेल. पाच लिटर करायचं होतं, साडेएकतीस ग्रॅम तोलले, विरघळवले, चिठ्ठी लावली. पूर्वी मी परीक्षेआधी स्वतः एकदा टायट्रेशन करून खात्री करायचो. मागच्या काही वर्षांत तेही सोडलं होतं. काय करायचंय, मामांचं सोल्युशन आहे!

सकाळी पहिली बॅच लागली, वीस जणांची. परीक्षक एक मॅडम होत्या, बुटक्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. पोह्यांची बशी त्यांनी तशीच झाकून ठेवायला सांगितली आणि खुर्ची खिडकीकडून वळवून लॅबकडं केली. मला तेव्हाच जरा खटकलं.

ह्या प्रयोगात चंबू गरम करावा लागतो, हाताला सोसणार नाही इतका. वीस बर्नर पेटले. मी फिरून ज्योती बघत होतो. बर्नरच्या बुडाशी हवेला भोक असतं. ते बंद असलं की ज्योत पिवळी होते आणि काच काळी पडते. उघडलं की निळी, स्वच्छ. हवा कमी पडली की जळणं अर्धवट राहतं, तेच ज्वलनाचं गणित. ज्योती नीट करता करता मी प्रत्येक टेबलावर पंजे टेकवत गेलो. कोमलच्याही. तिनं माझ्या हातांकडं बघितलं आणि नजर परत ब्युरेटकडं नेली.

ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट, गर्द जांभळं. ते चंबूत पडतं तसा त्याचा रंग जातो, पडतं आणि जातं. ज्या थेंबाला रंग जात नाही, कांद्याच्या पातीखालच्या सालीसारखा फिका गुलाबी टिकतो, तो शेवटचा थेंब. सगळ्यांचं दहाला व्हायला पाहिजे होतं. मी बघितलं, दोन-तीन पोरं दहाच्या पुढं गेली तरी रंग येईना म्हणून गोंधळली, इकडंतिकडं बघितलं, आणि दहा पूर्णांक एक लिहून चंबू मोरीत ओतून दिला. मला वाटलं, धांदल झाली असेल. बघा, हे मी बघितलं आणि तरी मला काही वाटलं नाही!

मॅडम कोमलच्या टेबलाशी थांबल्या. कागद उचलला.

"चौदा? चौदा, चौदा पूर्णांक एक, चौदा? सगळ्या बॅचचं दहा आहे आणि तुझं एकटीचं चौदा कसं?"

"आलंय मॅडम तेवढं."

"नळ जास्त सोडलास तू. रंग गडद झाला असणार. पुन्हा कर. नाही जमलं तर ह्या प्रयोगाचे मार्क मी देऊ शकत नाही." आणि त्यांनी चौदावर लाल गोल केला.

मॅडम पुढं गेल्या. मी लगबगीनं कोमलजवळ गेलो. तिच्या चंबूत फिका गुलाबीच रंग होता, बरोब्बर जसा पाहिजे तसा. पण माझ्या डोक्यात एकच, आप्पांना शब्द दिलाय. मी कुजबुजलो, "पोरी, दहा लिही की. हात बघितला नाहीस का माझा?"

"बगितला मामा."

"मग?"

"दहाला रंग आला न्हाई. तीन डाव केलं. तिन्ही डावाला चौदा."

"अगं, लिहायला काय जातंय तुझं? आठ मार्क घालवशील!"

ती वर बघेना. पण म्हणाली, "न्हाई लिहिणार. सोल्युशनमधीच कायतरी झालंय मामा."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! माझ्या सोल्युशनमध्ये? काल जन्मलेली पोर मला शिकवणार? मी म्हणालो, "जितकी वर्षं तुझं वय नाही तितकी वर्षं मी हे सोल्युशन करतोय."

"बाटली तीच हुती का मामा?" तिनं विचारलं. "पयल्या खड्यांत पाणी आसतंय ना? सरांनी सांगितलं हुतं, वजनात धरत्यात. ह्यो माल वाळल्याला आसंल. वाळल्यालं चिपाड तेवढ्याच वजनाला जास्ती जाळ देतंय की."

मी तडक स्टोअरमध्ये गेलो. बाटली हातात घेतली. चष्मा लावला. लेबलवर नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ॲनहायड्रस. म्हणजे पाणी काढलेला माल. आजवरच्या माझ्या खड्यांमध्ये वजनाचा बराच भाग पाण्याचा असायचा, त्या खड्यांचा हिशोब त्रेसष्टचा, म्हणून लिटरला सहा पूर्णांक तीन ग्रॅम. पाणी काढलेल्याचा हिशोब पंचेचाळीसचा, म्हणजे लिटरला साडेचार ग्रॅमच पुरे. तेच वजन टाकलं तर सोल्युशन किती जोरदार होणार? त्रेसष्ट भागिले पंचेचाळीस, एक पूर्णांक चार. दहाच्या जागी चौदा. अगदी तंतोतंत चौदा.

मी खाली स्टुलावर बसलो. इनामगावचे आबा डोळ्यासमोर उभे राहिले, ते पागोटं आणि ते टोपण. बाटली बदलली तर वाचायला नको?

आणि आता माझी खरी लायकी सांगतो. पहिला विचार मनात आला तो कबुलीचा नव्हता. पहिला विचार आला पाण्याचा. सोल्युशन जोरदार झालंय ना, मग लिटरला चारशे मिली पाणी घाल, झालं बरोबर. उरलेल्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, हलवायचं, कोमलला म्हणायचं पुन्हा कर. तिचं दहा येईल. एकोणीस जणांचं दहा आहेच. मॅडम खूश, जगदाळे सर सुटले, पोरं सुटली, माझं नाव राहिलं. कुणाचं काही वाईट नाही. मी कॅन उचलला, मापनळीत चारशे मिली मोजलं. हात कसा स्थिर होता म्हणून सांगू! एक थेंब इकडं तिकडं नाही.

"मामा, पाणी घालताय?"

कोमल दारात उभी होती. रिकामा चंबू हातात, पुन्हा सोल्युशन न्यायला आलेली.

"तुझ्यासाठीच घालतोय. आता दहा येईल बघ."

तिला सगळं कळलं, एका क्षणात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला. "आन् माझं चौदा? त्ये खोटं ठरंल की मामा. मी खरं बगितलं आन् मीच खोटी!"

तिच्या कागदावर लाल गोल होता आणि तो माझा होता. एकोणीस जणांनी न बघता लिहिलं ते बरोबर ठरणार आणि जिनं बघितलं तिला नळ सोडता येत नाही असा शिक्का. लाज वाटली हो. ह्या नोकरीत मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी मापनळीतलं पाणी मोरीत ओतलं आणि बाटली घेऊन बाहेर आलो.

जगदाळे सरांनी माझं तोंड बघून ओळखलं. बाजूला घेऊन म्हणाले, "मामा, डोकं फिरलंय का? हे उघडं केलंत तर वीस पोरं अडकतील. मीही अडकेन. तिचंही दहा करून घ्या, मिटवा."

"सर, तिचं चौदाच आहे," मी म्हणालो. "आणि ते आता मी मिटवणार नाही."

मॅडमसमोर बाटली ठेवली. म्हटलं, "मॅडम, ह्या मुलीनं केलंय ते बरोबर आहे. चूक माझी आहे. मी माल न वाचता तोललाय." मॅडमनी लेबल वाचलं. मग म्हणाल्या, "मला करून दाखवा." मी सगळ्या बॅचसमोर ब्युरेट भरला. परमँगनेट इतकं गर्द की त्याची खालची कड दिसत नाही, वरची वाचावी लागते. मी वाचली. चंबू तापवला, सोडत गेलो. दहा झाले, रंग नाही. बारा, नाही. तेरा पूर्णांक नऊ, नाही. पुढच्या थेंब-दोन थेंबांत गुलाबी आला आणि टिकला.

मॅडम बॅचकडं वळल्या. "आता मला सांगा, तुमच्या एकोणीस जणांचं दहा कुठून आलं?"

मीच म्हणालो, "माझ्या हातातून आलं मॅडम."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमचे हात मी सकाळपासून बघतेय. मला वाटलं, टेबलंच डुगडुगीत आहेत." कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप झालं. मग त्यांनी एकोणीस कागदांवर तिरपी रेघ मारली. नवे कागद दिले. "सगळ्यांनी पुन्हा करायचं. ह्याच सोल्युशननं. जे येईल ते लिहायचं, चुकलेलं आलं तरी चालेल, बघितलेलं पाहिजे. आणि मामा, तुम्ही हात पाठीमागं."

मी हात पाठीमागं बांधून तासभर भिंतीशी उभा राहिलो. पोरांना ब्युरेटचा नळ धड फिरवता येत नव्हता. कुणाचं तेरा पूर्णांक सहा आलं, कुणाचं चौदा पूर्णांक तीन, एका पठ्ठ्याचं तर सतरा, चंबू वांग्यासारखा जांभळा. त्यानं सतराच लिहिलं. मॅडमनी सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या कष्टाचे मार्क दिले. कोमलच्या कागदावरचा लाल गोल खोडून शेजारी सही केली आणि पूर्ण मार्क लिहिले. मी ते स्वतः बघितलं.

संध्याकाळी मी प्राचार्यांकडं लेखी चूक दिली, सोल्युशनचीही आणि हातांचीही. मेमो मिळाला. सर्व्हिस बुकात सगळी पानं कोरी करकरीत आणि शेवटच्या पानावर मेमो. जगदाळे सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरी बॅच आली तेव्हा एक पोरगं लाडात येऊन म्हणालं, "मामा, टेबल हलतंय बगा जरा." मी म्हटलं, "हलू दे. ब्युरेट हलवू नकोस म्हणजे झालं." त्या वर्षी उरलेल्या प्रत्येक बॅचला मी वेगळ्या ताकदीचं सोल्युशन केलं, तपासलं, आकडा पाकिटात घालून मॅडमकडं दिला. ती उमेद मला पहिल्या वर्षी असती तर किती पोरं शिकली असती! ही खंत राहणार, तिला औषध नाही.

आता मी रिटायर आहे. कासुर्डीतच असतो. गुऱ्हाळांच्या पट्ट्यात जन्म गेल्यामुळं गुळाशिवाय घास उतरत नाही. परवा पाय जड वाटायला लागले म्हणून बायकोनं ढकलत दौंडच्या एका दवाखान्यात नेलं. रक्त तपासायच्या खिडकीशी पांढऱ्या कोटात कोमल.

"मामा! या की. बसा." बोलणं आता बरंच शहरी झालंय, पण काटकुळी तशीच. माझी बाही वर केली, शीर शोधली, मला कळायच्या आत सुई लावून काढलीसुद्धा. तासाभरानं बोलावलं. मी जरा भीतभीतच गेलो. रक्तातली साखर म्हणजे शेवटी काय, किती पाण्यात किती माल. शंभर मिलीत किती मिलिग्रॅम.

"किती आली गं?"

"दोनशे चौदा. उपाशीपोटी."

बायको शेजारीच उभी. मी हळूच खिडकीच्या फळीवर दोन्ही पंजे पसरून ठेवले, आणि म्हटलं, "एवढ्यावर बसतंय का बघ. एकशे दहा लिही. हिच्यासमोर इज्जत राहील."

कोमल पोट धरून हसली. मग माझे दोन्ही हात उचलले, फळीवरून खाली ठेवले आणि म्हणाली, "दोन डाव लावलंय मामा. दोन्ही डावाला तेच आलंय." खाली सही केली आणि कागद माझ्याकडं न देता बायकोच्या हातात दिला.

घरी येऊन गुळाचा डबा बायकोनं माळ्यावर टाकला. त्या पोरीनं माझं सोल्युशन दोनदा तपासलंय. दोन्ही वेळा चूक माझी होती आणि रीडिंग बरोबर होतं.